फुको, इराण आणि 'राजकीय अध्यात्म': निरीक्षण बरोबर, भाकीत चूक?

तळटीप

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको १९७८ साली दोनदा इराणला गेला: १६ ते २४ सप्टेंबर आणि ९ ते १५ नोव्हेंबर. 'कोरिएरे देल्ला सेरा' या इटालियन दैनिकासाठी त्याने तिथल्या उठावावर लेखमाला लिहिली. ज्या 'राजकीय अध्यात्मा'वरून पुढे एवढं रान उठलं, तो शब्द मात्र पॅरिसच्या 'ल नूव्हेल ऑब्झर्व्हातर'मधल्या ऑक्टोबरच्या लेखातला आहे. हे वाचून फ्रेंच लोक हसतील, पण चूक त्यांचीच आहे, असं त्याने त्याच लेखाच्या शेवटी लिहून ठेवलं.

त्याचं म्हणणं असं. क्रांतीत धर्म दिसला की युरोपातले डावे त्याच्याखाली दडलेली जमीन, मजुरी, वर्ग शोधू लागतात. इराणमध्ये धर्म हे झाकण नाही. लोकांना फक्त राजा बदलायचा नाही, स्वतःची जगण्याची रीत बदलायची आहे, आणि त्या बदलाचं आश्वासन त्यांना शिया पंथात दिसतं. मार्क्सच्या 'अफू'च्या वाक्याआधीचं वाक्य कुणी उद्धृत करत नाही, हेही त्याने एका मुलाखतीत दाखवलं. धर्म हा निर्जीव जगाचा प्राण आहे, असं मार्क्सने १८४४ मध्ये तिथेच म्हटलंय. फुकोच्या मते १९७८ च्या इराणमध्ये धर्म अफूसारखा वागला नाही, प्राणासारखा वागला.

धर्मगुरूंची राजवट येणार नाही असं त्याचं भाकीत होतं. पुढे अयातुल्ला (ज्येष्ठ शिया धर्मगुरू) खोमेनींच्या नेतृत्वाखाली तीच आली. माझा प्रश्न एवढाच: धर्म उठावात कसं काम करतो याचं फुकोचं निरीक्षण बरोबर आणि सत्तेबद्दलचं भाकीत चूक, असं वेगळं करता येतं का? की भाकीत चुकलं ते निरीक्षणातच खोट होती म्हणून?

रानजाई

विषय आवडला. पण घटनाक्रम समोर नसेल तर चर्चा हवेत जाईल. चाळीस दिवसांच्या साखळीबद्दल कुणी नीट लिहील का?

दगडीपूल

लिहितो.

७ जानेवारी १९७८ रोजी 'एत्तेलाआत' या दैनिकात टोपणनावाने खोमेनींची नालस्ती करणारा लेख आला. ९ जानेवारीला कोम या धर्मनगरीत मदरशांचे विद्यार्थी रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. शिया रिवाजात मृत्यूनंतर चाळीसाव्या दिवशी शोकसभा होते. ९ जानेवारीपासून चाळिसावा दिवस म्हणजे १८ फेब्रुवारी. त्या दिवशी तब्रीझ पेटलं, बँका आणि सिनेमागृहं फोडली गेली, लष्कर बोलवावं लागलं. तिथल्या मृतांचा चाळिसावा मार्चच्या अखेरीस, तेव्हा यझ्द. त्यानंतरची फेरी मे महिन्यात.

ही साखळी का चालते ते बघा. तारीख कुणाला जाहीर करावी लागत नाही, प्रत्येक घराला ती मोजता येते. सभेवर बंदी घालायची तर शोकावर बंदी घालावी लागते, आणि तसं केलं की जे धर्मगुरू राजकारणापासून दूर असतात तेही सरकारच्या विरोधात जातात. जागा आणि ध्वनिक्षेपक मशिदीत तयारच असतात. बाजारपेठेतले व्यापारी त्या दिवशी दुकानं बंद ठेवतात आणि मृतांच्या कुटुंबांना पैसाही पुरवतात. राजकीय पक्षाला हे सगळं शून्यातून उभारायला वर्षं लागतात, आणि शहाने, म्हणजे इराणच्या राजाने, विरोधी पक्ष शिल्लक ठेवलेच नव्हते. १९७५ पासून देशात 'रस्ताखीझ' हा एकच अधिकृत पक्ष होता.

आता साखळी तुटते कुठे? प्रत्येक फेरीला नवे मृत्यू लागतात. मे महिन्यातल्या मृतांचा चाळिसावा जूनच्या मध्यात येत होता. त्या वेळी शरियतमदारींसारख्या ज्येष्ठ अयातुल्लांनी लोकांना घरीच बसायला सांगितलं. लोक घरी बसले आणि साखळी तिथेच थांबली. म्हणजे तोच रिवाज जसा वेग देतो तसा ब्रेकही लावतो. उठावाला पुन्हा जोर आला तो १९ ऑगस्टला अबादानचं रेक्स सिनेमागृह जळून चारशेच्या आसपास माणसं मेली तेव्हा. मग ४ सप्टेंबरचा ईदचा प्रचंड मोर्चा, आणि ८ सप्टेंबरला तेहरानच्या झाले चौकातला गोळीबार. फुको पोचला तो त्यानंतर आठ दिवसांनी.

लालमाती

दगडीपूल यांचा प्रतिसाद उत्तम. पण शहाला घालवलं कुणी? चाळिसाव्यांनी नाही. तेलकामगारांनी. १९७८ च्या ऑक्टोबरात संप पसरला आणि दिवसाला सुमारे साठ लाख पिंपांचं उत्पादन नोव्हेंबरच्या सुरुवातीला पंधरा लाखांच्या घरात आलं. डिसेंबरअखेर देशाच्या स्वतःच्या गरजेपुरतंही तेल निघेना. सरकारी तिजोरी तेलावर, सैन्याचा पगार तिजोरीवर. हा हिशेब फुकोच्या लेखांत फार पातळ आहे.

एंगल्सने १८५० मध्येच हे सगळं नीट मांडलंय. १८४८ च्या क्रांत्या फसल्यावर त्याने १५२५ च्या जर्मन शेतकरी युद्धावर लिहिलं. त्या शेतकऱ्यांच्या मेमिंगेनच्या बारा मागण्या काढून वाचा: धान्याखेरीजचा दशांश कर नको, वाढती वेठबिगार नको, जंगलातलं लाकूड आणि नदीतले मासे सगळ्यांना, बळकावलेली गायरानं परत. प्रत्येक मागणीला बायबलचा आधार जोडलाय, कारण त्या काळी लोकांना जमवायला दुसरी भाषाच नव्हती. आशय शेतीचा, भाषा धर्माची. इराणमध्ये पक्ष, संघटना, वृत्तपत्रं चिरडल्यावर मशीद तेवढी उरली. उरलेल्या जागेत लोक जमले, एवढाच त्याचा अर्थ.

तळटीप

लालमाती, बारा मागण्यांतली तिसरी पुन्हा पाहा. आम्हाला कुळं-दास म्हणून बाळगता येणार नाही, कारण ख्रिस्ताने आपलं रक्त सांडून गुराख्यापासून राजापर्यंत सगळ्यांना सोडवलंय. इथे धर्म काढून घेतला तर दास्य चूक का आहे याचं कारणच उरत नाही. मालकाला 'नाही' म्हणायचं बळ त्या कारणातून आलं. १५ मे १५२५ ला फ्रांकेनहाउझेनला तोफांसमोर उभे राहिलेले शेतकरी गायरानाचा हिशेब करून उभे नव्हते.

आणि तेलकामगारांच्या ऑक्टोबरच्या मागण्यांत लष्करी कायदा उठवा आणि राजकीय कैदी सोडा, ही कलमं होती. फक्त पगारवाढ हवी असती तर सरकार द्यायला तयार होतं, बऱ्याच ठिकाणी दिलीही. फुकोने नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं: मिळणारा पैसा नाकारून लोक संपावर का राहतात?

लालमाती

मान्य, संप राजकीय होता. पण मग पुढची पायरीही बघा. २९ डिसेंबरला खोमेनींनी फ्रान्समधून मवाळ विरोधी नेते मेहदी बाझरगान यांची समिती नेमली आणि तेलक्षेत्रात पाठवली, घरगुती वापरापुरतं उत्पादन सुरू करायला. संप-समित्यांत डावे भरपूर होते, तरी तेलाच्या नळाची चावी त्या दिवशी त्यांच्या हातातून गेली. धर्म प्राण होता की वेष, यापेक्षा ही चावी कुणाकडे गेली हे मला महत्त्वाचं वाटतं.

शेवंती

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: वेगळं करता येत नाही. निरीक्षणातच खोट होती, आणि ती त्याच वेळी दाखवूनही दिली गेली होती.

त्या ऑक्टोबरच्या लेखात फुको लिहितो की 'इस्लामी शासन' म्हणजे धर्मगुरूंनी देखरेख करावी अशी राजवट, असं इराणमध्ये कुणाच्याही मनात नाही. पण खोमेनींनी १९७० च्या सुरुवातीला नजफमध्ये दिलेली 'विलायत-ए-फकीह'वरची व्याख्यानं तोवर छापलेली होती. धर्मशास्त्र्यानेच राज्य करावं, हे त्यांत स्वच्छ शब्दांत आहे. फुको भेटला कुणाला? कोममध्ये शरियतमदारींना, आणि त्या भेटीला हजर असलेल्या बाझरगानांना. दोघेही मवाळ. शरियतमदारी पुढे विलायत-ए-फकीहच्या विरोधात गेले आणि शेवटची वर्षं नजरकैदेत राहिले. भेटलेल्या लोकांचं मत त्याने सगळ्या देशाचं म्हणून लिहिलं.

स्त्रियांबद्दल त्याने ऐकलेलं वाक्य होतं: हक्कांत विषमता नसेल, पण निसर्गतः फरक आहे म्हणून भेद असेल. या वाक्यावर तो थांबायला हवा होता. 'आतूसा ह.' या नावाने एका इराणी स्त्रीने त्याच साप्ताहिकात नोव्हेंबरमध्ये पत्र लिहून विचारलं की पाश्चात्त्य डाव्यांना स्वतःच्या देशात नको असलेलं औषध आमच्यासाठी चांगलं कसं वाटतं? फुकोचं उत्तर असं की इस्लामकडे द्वेषाने बघू नये. बाईंनी द्वेष केला नव्हता. त्यांनी कायद्याबद्दल विचारलं होतं.

१९७९ च्या फेब्रुवारीअखेर, घटस्फोटात स्त्रियांना हक्क देणारा कुटुंब संरक्षण कायदा गुंडाळण्याची घोषणा झाली. ८ मार्चपासून तेहरानमध्ये हजारो स्त्रिया सक्तीच्या हिजाबविरुद्ध कित्येक दिवस रस्त्यावर होत्या. तोही उठावच होता, बंदुकीसमोर मोकळ्या हातांनी केलेला. त्यावर फुकोचा एकही लेख नाही.

सांजवात

+१. आतूसा यांचं पत्र या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावं.

मैलकुसू

थोडं अवांतर, पण फुकोला मशिदीचं जाळं कुठे दिसलं ते कळायला उपयोगी. त्याचा पहिलाच लेख भूकंपाने सुरू होतो. तो इराणमध्ये उतरला त्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, तबस शहर उद्ध्वस्त झालं. बळींचा आकडा पंधरा हजारांच्या पुढे. त्यावरून तो दहा वर्षं मागे, १९६८ च्या फेर्दोसच्या भूकंपाकडे जातो. तेव्हा सरकारी खात्यांनी आपल्या आराखड्याने एक वस्ती उभारली. लोकांना ती पटेना. एका धर्मगुरूच्या मार्गदर्शनाखाली शेतकरी आणि कारागिरांनी वर्गणी काढून, स्वतः विहिरी आणि कालवे खोदून, शेजारीच दुसरं गाव वसवलं आणि नाव ठेवलं इस्लामिये. तबसनंतर मदत कुणाकडे सोपवायची, सरकारकडे की मशिदीकडे, हा प्रश्न लोकांसमोर लगेच उभा राहिला.

१९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांमुळे रॉकेलची टंचाई झाली तेव्हा मोहल्ल्यातल्या मशिदींनी रॉकेल आणि धान्य वाटलं. सरकार जे करू शकत नाही ते मशीद करते, हे रोज डोळ्यांना दिसत होतं. फ्रान्समधल्या नॉफ्ल-ल-शातोहून खोमेनींची भाषणं टेलिफोनवरून तेहरानला ध्वनिमुद्रित व्हायची आणि कॅसेटच्या प्रती मशिदीबाहेर मिळायच्या. फुकोचा कॅसेटवरचा लेख मला त्याच्या मालिकेतला सर्वांत भक्कम वाटतो, कारण त्यात साधनं आहेत, हवेतली विधानं नाहीत.

इंद्रायणीकाठ

या प्रश्नाला आपल्याकडे जुनी वाट आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर लिहिताना संतांच्या धर्मसुधारणेने राजकीय उठावाची जमीन तयार केली असं मांडलं, आणि तुलना थेट युरोपातल्या प्रोटेस्टंट सुधारणेशी केली. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरसाठी लिहिलेल्या आणि तिथे होऊ न शकलेल्या भाषणात हाच नियम मोठा केला: राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती होते. उदाहरणं ल्यूथर, इंग्लंड-अमेरिकेतले प्युरिटन, चंद्रगुप्ताच्या आधी बुद्ध, शिवाजी महाराजांच्या आधी संत, शिखांच्या सत्तेआधी गुरु नानक.

फुकोलाही इराण बघताना युरोपाचा तोच काळ आठवतो: फ्लोरेन्सचा धर्मोपदेशक साव्होनारोला, म्युन्स्टर शहर ताब्यात घेणारे अ‍ॅनाबाप्टिस्ट, क्रॉमवेलच्या वेळचे प्रेस्बिटेरियन.

कऱ्हाकाठ

इंद्रायणीकाठ, पण राजवाड्यांचं मत बरोबर उलटं होतं. संतांनी समाजाला निवृत्तीकडे नेलं असा त्यांचा आरोप, म्हणून रानड्यांचा निष्कर्ष इतिहासकारांत तेव्हाही एकमताचा नव्हता.

शिवाय बाबासाहेबांनी त्याच भाषणाच्या पुढच्या आवृत्तीत गांधीजींना दिलेलं उत्तर जोडून वाचायला हवं. संतांनी सगळी माणसं समान आहेत असं शिकवलं नाही, देवाच्या दृष्टीने समान आहेत असं शिकवलं, आणि त्याने जातिव्यवस्थेला धक्का लागला नाही, असं ते तिथे म्हणतात. मला फुकोवरची ही सर्वांत उपयोगी कसोटी वाटते. धर्म माणसांना एकत्र उभं करतो का, हा एक प्रश्न. उभं राहिलेल्या माणसांचे आपापसांतले संबंध तो बदलतो का, हा दुसरा. फुको पहिल्याचं उत्तर सविस्तर देतो आणि दुसऱ्याचं गृहीत धरतो. बाबासाहेब दुसऱ्या प्रश्नावर अडून बसले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा देताना त्यांनी बावीस प्रतिज्ञा घ्यायला लावल्या. काय सोडायचं आणि काय पाळायचं, हे त्यांत एकेक करून सांगितलं.

इंद्रायणीकाठ

कऱ्हाकाठ, हा भेद महत्त्वाचा आहे आणि माझ्या प्रतिसादात तो नव्हता. तरी संतांनी लोकभाषेत एक समान बोलणं तयार केलं, दूरच्या गावांना एका वारीत बांधलं, एवढा भाग रानड्यांच्या बाजूने उरतो.

रानजाई

सगळ्यांना विनंती, आजचे पक्ष आणि निवडणुका इथे नकोत. त्यासाठी वेगळे धागे आहेत. इराणकडे परत येऊ.

गोदातीर

एक आकडा नोंदवतो. झाले चौकात हजारो मेले असं तेव्हा जगभर छापलं जात होतं आणि फुकोचं लेखनही त्याच आकड्यांच्या छायेत आहे. क्रांतीनंतर शहीद प्रतिष्ठानाच्या नोंदी तपासणारे इमादुद्दीन बाघी यांनी त्या दिवसाचे तेहरानमधले मृत्यू ८८ मोजले, त्यांतले ६४ चौकातले. निःशस्त्र माणसांवर गोळीबार झाला, हे सत्य त्याने बदलत नाही. पण 'लोकांनी मृत्यूची भीती टाकली' हा फुकोचा सिद्धान्त अंशतः अशा आकड्यांवर उभा होता. अफवाही उठावात काम करते, आणि ती कशी करते याचं विश्लेषण त्याने केलं नाही.

दगडीपूल

शेवंती यांना एक पुरवणी. विचारवंत अली शरियती (शरियतमदारी वेगळे) यांचं नाव अजून आलं नाही. पॅरिसला शिकलेले, तेहरानच्या हुसेनिये इर्शाद या धार्मिक सभागृहात हजारो तरुणांपुढे व्याख्यानं देणारे, जून १९७७ मध्ये साउदॅम्प्टनला वारलेले. अलीचा लाल शिया पंथ आणि सफवी राजांचा काळा शिया पंथ असा भेद त्यांनी केला. पहिला अन्यायाविरुद्ध उठणारा, दुसरा दरबारी. करबलाची घटना, म्हणजे खलिफा यझीदच्या सैन्याने इमाम हुसेन यांना मारलं ती, इसवी सन ६८० ची. तिच्यावर दरवर्षी रडायचं नाही, ती आज पुन्हा घडवायची, हे शरियतींनी शिकवलं. फुकोने रस्त्यावर पाहिलेला धर्म बराचसा शरियतींच्या श्रोत्यांचा होता. १० आणि ११ डिसेंबर १९७८, तासुआ आणि आशुरा, या मोहरमच्या दोन शोकदिवसांत लाखो लोक तेहरानमध्ये चालले. पहलवी घराणं म्हणजे यझीद, हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

शरियतींच्या मांडणीत मुल्लांची सत्ता नव्हती. त्यामुळे 'धर्मगुरूंचं राज्य कुणालाच नको' हे फुकोने ऐकलं ते खोटं नव्हतं, अपुरं होतं.

शेवंती

अपुरं, हे मान्य. पण अपुरेपणा कुठे होता ते यंत्रणेच्या बाजूने बघा. मैलकुसूंनी लिहिलेल्या रॉकेल वाटणाऱ्या मशिदींतूनच फेब्रुवारी १९७९ मध्ये 'कोमितें', म्हणजे क्रांतीच्या स्थानिक समित्या, निघाल्या. जागा आणि मोहल्ल्यातली माणसं पुष्कळ ठिकाणी तीच. आता हातात बंदुका होत्या आणि अटक करायचा अधिकार. शरियतींच्या श्रोत्यांकडे विचार होता, मोहल्ल्याचं जाळं मुल्लांकडे होतं. फुको २६ नोव्हेंबरला लिहितो की खोमेनी राजकारणी नाहीत, खोमेनींचा पक्ष नसेल, खोमेनींचं सरकार नसेल. फेब्रुवारी संपायच्या आत त्यांच्या शिष्यांनी इस्लामी प्रजासत्ताक पक्ष काढला.

सत्ता शाळेत, इस्पितळात, तुरुंगात बारीक धाग्यांनी कशी विणली जाते हे आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाने मशिदीचं जाळं पाहिलं, त्याचं नेमकं वर्णन केलं, आणि त्यात सत्ता पाहिली नाही. माझा राग याचा आहे.

तळटीप

शेवंती, हा मुद्दा मला खोडता येत नाही. फक्त एक बाजू जोडतो.

१४ एप्रिल १९७९ ला फुकोने पंतप्रधान बाझरगानांना खुलं पत्र लिहिलं. कोममधल्या भेटीची आठवण देऊन त्याने घाईघाईच्या खटल्यांवर आणि फाशींवर जाब विचारला: आरोपीला बचावाची पुरती संधी देणं हे शासनाचं कर्तव्य आहे, आणि 'इस्लामी' हे विशेषण लावल्याने ते कमी होत नाही, वाढतं. मग मे महिन्यात 'ल मोंद'मध्ये, उठाव व्यर्थ असतो का, या प्रश्नावर लेख. तिथे तो म्हणतो की पुढची राजवट वाईट निघाली म्हणून आधी मेलेल्यांचा उठाव खोटा ठरत नाही. माणूस उठतो तेव्हा त्याचा आदर करा, आणि सत्ता सार्वत्रिक हक्क मोडते त्या क्षणी कठोर व्हा.

म्हणून माझं मत आता असं झालंय: उठाव आणि शासन या दोन वेळा वेगळ्या आहेत हे तो बरोबर म्हणतो. पण दोन्हींमध्ये एकच यंत्रणा चालू राहते, आणि तिच्याकडे सप्टेंबरमध्येच बघायला हवं होतं.

लालमाती

आणि त्या यंत्रणेला तेव्हाही अडवता आलं असतं. जून १९७९ मध्ये राज्यघटनेचा जो मसुदा प्रसिद्ध झाला त्यात विलायत-ए-फकीह नव्हतं. खोमेनी तो किरकोळ बदलांनिशी स्वीकारायला तयार होते. मोठी संविधान सभा घ्या म्हणून मवाळ आणि डावे दोघेही अडून बसले. शेवटी ७३ जणांची तज्ज्ञसभा निवडली गेली, तिच्यात बहुमत धर्मगुरूंचं आलं, आणि ते कलम तिथे घातलं गेलं. डिसेंबरच्या सार्वमतात घटना मंजूर झाली. हा धडा माझ्या बाजूच्या लोकांसाठी जास्त आहे.

सांजवात

मूळ लेख वाचायचे असतील तर कोणत्या क्रमाने?

गोदातीर

तारखांच्या क्रमानेच, आणि प्रत्येक टप्प्यावर विरोधकाला शेजारी ठेवून. सप्टेंबर-ऑक्टोबरचे इटालियन लेख, मग ऑक्टोबरचा 'राजकीय अध्यात्म'वाला लेख आणि लगेच आतूसा यांचं पत्र. नोव्हेंबरचे दोन लेख, कॅसेटवरचा आणि खोमेनींवरचा. त्यानंतर डिसेंबरमध्ये 'ल मोंद'मध्ये आलेले इस्लामचे अभ्यासक माक्सिम रोदँसों यांचे लेख. धर्माच्या नावाने आलेली राजवट कोणत्या दिशेने जाऊ शकते हे त्यांनी क्रांती पुरी होण्याआधी लिहिलंय. शेवटी एप्रिलचं खुलं पत्र आणि मे महिन्याचा लेख. इंग्रजी भाषांतरं जेनेट आफारी आणि केव्हिन अँडरसन यांच्या २००५ च्या पुस्तकाच्या परिशिष्टात एकत्र आहेत, आतूसा आणि रोदँसोंसकट. त्या पुस्तकाची भूमिका फुकोविरोधी आहे. बेहरूझ घमारी-तब्रीझींचं २०१६ चं पुस्तक त्याच्या बाजूने लढतं, ते त्यानंतर घ्या.